दक्षिणेची भिंत

“ही नको. हिच्यात खिळा बसतो,” सरोजिनीबाई म्हणाल्या.

बब्रुवान मिस्त्रीनं तीही फळी बाजूला ठेवली. बैठकीच्या फरशीवर त्यानं प्लास्टरचे नमुने मांडले होते. एकीवर पाण्याच्या लाटा, एकीवर झाडाच्या सालीसारख्या रेघा, एकीवर संगमरवरासारखी गुळगुळीत झाक. त्यांच्या लेकीला, नीरजाला, ती गुळगुळीत आवडली होती. ठरवलेल्या रकमेत ती चारही भिंतींना पुरत होती. वर आईच्या न्हाणीत गिझरही बसत होता.

नीरजा रजा काढून परंड्याला आली होती. आईचा आजार आता लपण्यासारखा राहिला नव्हता. डॉक्टर दसऱ्यापर्यंतचं बोलले होते, पुढचं बोलले नव्हते. त्यावर सरोजिनीबाईंनी एवढंच म्हटलं, की मग बैठकीचं काम पितृपंधरवड्याच्या आत उरकू. शाळेतून निवृत्त होताना मिळालेल्या पैशांतले काही त्यांनी त्यासाठी राखले होते. उरलेले दिवस आईला सुंदर खोलीत काढायचे आहेत, असं नीरजाला वाटलं. खोली जमेल तितकी सुंदर करायची, असं तिनं मनाशी धरलं.

पण आई रंगाचं नावच काढत नव्हती.

“बाई, लोक इचारतात टिकंल किती,” मिस्त्री म्हणाला. “तुमी इचारताय खिळा बसतो का. असलं गिऱ्हाईक पहिलंच.”

“लोकांचं राहू द्या. कशात बसत नाही ते दाखवा.”

मिस्त्रीनं पिशवीतून आणखी एक फळी काढली. चुना, वाळू आणि संगमरवराची पूड हातानं थापून केलेली, जाड दाण्याची. उन्हात धरली तशी प्रत्येक दाण्यामागं बारीक सावली उभी राहिली. नीरजालाही कबूल करावं लागलं, की फळी देखणी होती.

“ही दिसती लई भारी. पर हिला खिळा ठोकला की भवतीचा पापुद्रा निघतो. जोड लपत न्हाय. सगळी भिंत परत करावी लागती.”

“आणि ते चिकटवायचे हूक?”

“दाण्यावर कुठलं चिकटतंय.”

सरोजिनीबाईंनी फळीवरून तळवा फिरवला. बऱ्याच दिवसांनी त्या खुशीत दिसल्या.

“आई, हिचा भाव तिप्पट आहे,” नीरजा म्हणाली. “एवढ्यात एकच भिंत होईल.”

“एकच करायची आहे. ही दक्षिणेची. बाकी तिन्हींना पांढरा डिस्टेंपर मारा. तुझ्या बापाला कुठं फरक कळतोय?”

“ऐकू येतंय मला,” दारातून नारायणराव म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही.

दार उत्तरेला होतं. त्यांची खुर्ची दारातच, रस्त्याकडं तोंड करून असायची. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून गल्लीचा सगळा कारभार त्या खुर्चीतून चालायचा. कुणाचा दाखला अडला, कुणाची म्हैस व्याली, त्यांना आधी कळायचं. आईचं दुखणं कळलं तेव्हा त्यांनी खुर्ची उचलून तिच्या पलंगापाशी आणली होती. दुसऱ्या दिवशी सरोजिनीबाईंनी ती दारात परत पाठवली. समोर बसून श्वास मोजू नका, म्हणाल्या.

“नाना, कुर्डुवाडीची एसटी गेली का हो?” रस्त्यावरून एका बाईनं विचारलं.

“आत्ताच गेली. पळू नको. चहा घे कुठंतरी, आता एकदम चारची.”

मिस्त्री भिंतीचं माप घेऊन, दुपारी येतो म्हणून गेला. नीरजानं फळ्या एकावर एक रचल्या. तिचा आवाज चढला नाही, पण हात जोरात चालत होते.

“गिझर जातोय, आई.”

“बंब आहे की.”

“एका भिंतीसाठी? आणि तिच्यावर घड्याळसुद्धा लावता यायचं नाही.”

“घड्याळ पूर्वेला लाव.”

नीरजा थांबली. इतके दिवस जे बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, तेच तोंडातून निघालं.

“दक्षिणेच्या भिंतीवरच लावतात आपल्यात. गेलेल्यांचे फोटो देवघरात चालत नाहीत. मग तुझा... तुझा कुठं लावायचा?”

सरोजिनीबाई हसल्या. लेकीनं उशिरा का होईना, गणित बरोबर सोडवलं, तसं.

“अल्बममध्ये आहे की मी. बघावंसं वाटलं, तर उठून कपाट उघडावं लागेल.”

“आई, असं कुणी करत नाही.”

“कोपऱ्यावरच्या शंभुलिंगअण्णांच्या घरात डोकावलीस का येताना?”

नीरजानं नकारार्थी मान हलवली. अण्णांची बायको मागच्या उन्हाळ्यात गेली, एवढं तिला माहीत होतं.

“अण्णा म्हणजे गल्लीचा रेडिओ होता. बायकोचा फोटो लावला, हार घातला, आणि खुर्ची तिकडं वळवली. आता रस्त्यानं जाणाऱ्याला नुसती पाठ दिसते त्यांची. पहिल्यांदा लोक हाक मारायचे. पाठीला कोण किती दिवस हाक मारणार?”

बाहेर नारायणराव कुणाला तरी विचारत होते, पोराला ताप उतरला का. सरोजिनीबाईंनी त्यांचं बोलणं संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणला.

“ह्यांची खुर्ची फिरता कामा नये, नीरू. त्या भिंतीला एवढंच काम आहे.”