बाईंचं मोठं मन

पहारेकऱ्याने दुधाचा पेला दोन्ही हातांनी धरला आणि रोजचाच प्रश्न विचारला, सगळ्या पोरी शाळेत गेल्या का? रेक्टरबाईंनी नुसती मान हलवली. त्याच्याशी त्या कामापुरतंही बोलत नसत.

बोलणार तरी कशा? वसतिगृह चालवणाऱ्या बाईंच्या शिवणकारखान्याला आग लागली तेव्हा मागच्या दाराला कुलूप होतं. अकरा बायका आतच राहिल्या. त्यांतली एक रेक्टरबाईंची आई. रेक्टरबाई तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. कुलूप आपणच लावलं, असं तेव्हा तिथे पहाऱ्यावर असलेल्या या माणसाने कोर्टात कबूल केलं आणि सात वर्षं तुरुंगात काढली.

बाईंनी एका मशीनवर उशांचे अभ्रे शिवत धंदा उभा केला होता. आगीनंतर तो त्यांनी पुन्हा उभा केला, आणि सोबत त्या अकरा घरांतल्या मुलींसाठी वसतिगृह काढलं. पुढे गरजू घरची कुठलीही मुलगी तिथे येऊ लागली. सत्काराला बोलावलं तर बाई जात नसत. त्यामुळे लोकांत त्यांचा मान आणखीच वाढला.

पहारेकरी सुटून आला तेव्हा बाईंनी त्याला वसतिगृहामागची खोली दिली. लोकांनी तोंडात बोटं घातली. पुढे रेक्टरचं काम अंगावर आल्यावर रेक्टरबाई एकदाच भांडायला गेल्या. त्या माणसाला दोन वेळा वाढणं माझ्याच्याने होणार नाही, म्हणाल्या.

"वाढावं लागेल," बाई म्हणाल्या. "त्याला काही कमी पडता कामा नये."

एवढं मोठं मन आपल्याला का नाही, याची रेक्टरबाईंना परतताना लाज वाटली होती.

या हिवाळ्यात तो अंथरुणाला खिळला. रेक्टरबाई त्याला चमच्याने भरवायच्या, पण मनातली अढी काही सुटेना. एका दुपारी औषध देता देता त्यांनी विचारलंच, का लावलं होतंस कुलूप?

"पोरी, तू शिकलीस ना," एवढंच म्हणून म्हाताऱ्याने भिंतीकडे कूस बदलली.

कोडगा मेला, असं पुटपुटत रेक्टरबाई बाहेर आल्या.

मंगळवारी सकाळी तो गेला. रेक्टरबाई बातमी सांगायला कारखान्यात गेल्या. बाई कापडाचे नमुने बघत होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि खुर्चीला पाठ टेकली. बाईंना रडू येतंय असं वाटून रेक्टरबाईंनी पाणी पुढे केलं.

बाईंना पाणी नको होतं. परीक्षा संपल्या की वसतिगृह बंद कर, मुलींच्या घरी आजच कळव, असं त्यांनी सांगितलं. आवाज नेहमीसारखाच होता.

रेक्टरबाईंना आधी नीट ऐकू आलं नसावं असंच वाटलं. मग त्यांनी विचारलं, साठ मुली जातील कुठे?

"ते मला विचारू नकोस," बाई म्हणाल्या. "माझ्या जागी तुरुंगात जाताना त्याने शब्द घेतला होता, तो जिवंत असेपर्यंत एकाही पोरीची शाळा सुटणार नाही म्हणून. तेवढा मी पाळला."