जावईबापूंची सफाई

कॉम्प्युटर तापतो म्हणून मास्तरांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं, तर जावईबापूंनी त्याला दारातूनच परत पाठवलं. दोन व्हिडिओ पाहून तज्ज्ञ झालेला माणूस तो! मास्तरांचं सहा वर्षं चाललेलं पुस्तक त्याच कॉम्प्युटरमध्ये होतं, पण जावयाला नको म्हणायची सोय कुठे असते?

प्रोसेसरवरची, उष्णता बाहेर नेणारी पेस्ट वाळली होती; ती जावईबापूंनी आधी सुरीने खरवडली, मग तारेच्या घासणीने तो असा लख्ख घासला, की मास्तरांना त्यात आपला उतरलेला चेहरा दिसला. "नवी पेस्ट लावलीय, ती तासभर वाळू द्या, मगच चालू करा," असं बजावून ते गेले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "काय बाबा, आता तापतो का?"

"छे हो! तुम्ही हात लावल्यापासून बर्फासारखा गार आहे. चालूच होत नाही."