शून्यावरचा काटा

“काटा चालू होईस्तोवर मी गाडी काढणार नाय गो,” सासऱ्यांनी बजावलं होतं. नवऱ्याने त्यांच्या जुन्या गाडीच्या इंजिनला बाहेरचा कॉम्प्युटर बसवला, तेव्हापासून इंजिनचा वेग दाखवणारा आरपीएमचा काटा शून्यावरच होता.

“काट्याकडे कोण बघतं, बाबा? आवाजावर गियर बदलायचा!” मी हसले, आणि माझ्या छोट्या लेकीला, साक्षीला मागच्या सीटवर बसवून दोघांना महाबळेश्वरला तिच्या आत्याकडे पाठवलं.

अजून पोचले नाहीत. फोन वाजतोय, उचलत नाहीत.

“कसा उचलतील?” सासूबाई रडायलाच लागल्या. “वरीस झालं, त्यांना कायच ऐकू येत नाय. तुमची तोंडं बघून बोलायचे.”

आंबेनळी घाटातून कुणी जात असाल आणि जुनी निळी गाडी दिसली तर हॉर्न देऊ नका. पुढे जाऊन हात दाखवा. आणि मागे साक्षी रडतेय का, तेवढं बघा.