खिंडीतून आलेले निरोप

"एकच," जनार्दनराव म्हणाले. "सगळे एकदम ऐकले की संपतात."

पूजा नुकतीच आटोपली होती. कपाळावरचं गंध अजून ओलं होतं. फोनवर पुष्पाबाईंच्या आवाजातले बरेच निरोप एकदम येऊन पडले होते. मोरोक्कोच्या डोंगरातल्या ज्या दरीत त्या होत्या, तिथे रेंज नव्हती. बाजाराच्या दिवशी खेचरवाला गावातले सगळे फोन पिशवीत घालून वर खिंडीत न्यायचा. साठलेले निरोप तिथून सुटायचे.

जनार्दनरावांनी बटण दाबलं.

"अनू, अक्रोड उतरवून झाले गं. सालींनी हात काळेकुट्ट झालेत, महिनाभर जायचे नाहीत म्हणे. मी राहते त्या घरच्या इट्टोच्या सुनेला मुलगी झाली. सगळ्या बायांनी जिभा हलवून असा काही गलका केला, की कानठळ्या बसल्या माझ्या."

"दुसऱ्यांच्या लेकींची बाळंतपणं करतेय," अनुराधा म्हणाली.

तिला आठवा महिना होता. नवरा केयूर लडाखला पोस्टिंगवर, म्हणून ती इकडे हिंदी मुलखात, प्रेम नगरला माहेरी आली होती. ती येण्याआधीच आई निघून गेली होती. नर्सची नोकरी संपल्यावर पुष्पाबाईंनी स्वयंसेवकांच्या एका गटात नाव घातलं होतं. नववा लागायच्या आत परत येते, असं सांगून त्या गेल्या. तेव्हापासून अनुराधा आईशी एक शब्द बोलली नव्हती.

शेजारच्या कमलिनीकाकू चकल्या घेऊन आल्या होत्या. "ते बर्बर लोक म्हणजे रानटीच ना हो?"

"ते स्वतःला अमाझिग म्हणवतात. चहाला नाही म्हटलं तर रुसतात," जनार्दनराव म्हणाले. "रानटी बघायचे तर इलाइट चौराह्यावर उभ्या राहा, काकू. आपले टेम्पोवाले आहेत की."

काकू हसल्या. अनुराधा हसली नाही.

"बाबा, तिला कळवा. माझ्यासाठी यायची काही गरज नाही."

"तूच सांग. हे बटण दाबायचं आणि बोलायचं."

"मला काही बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "बिटिया, टेंशन बिल्कुल नहीं लेना है. बाबूजी, घर में कोई ऐसी-वैसी बात नहीं होनी चाहिए. दोनों की जान का सवाल है."

जनार्दनरावांनी मान डोलावली.

बाहेर अनुराधा ऑटोत बसली, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते लिंबाच्या झाडाखाली गेले आणि पाठ करून उभे राहिले. बराच वेळ ते नुसतं ऐकत होते.

"भैया, चलें?" ऑटोवाल्याने हाक मारली, तेव्हा ते वळले.

"कोण होतं?"

"निरंजन." तिचा भाऊ दिल्लीला होता. "ऑफिसच्या टूरवर निघालाय. काही दिवस फोन लागायचा नाही त्याचा."

घरी आल्याबरोबर ते न्हाणीत शिरले. डोक्यावरून पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला.

"सकाळी झाली होती ना अंघोळ?" ते बाहेर आल्यावर अनुराधाने विचारलं.

"दवाखान्यातून आलो. फार घामट झालं होतं."

दुसऱ्या दिवशी देव पारोसेच राहिले. गुडघा वाकत नाही, पाटावर बसवत नाही, असं जनार्दनराव म्हणाले. काकूंच्या सत्यनारायणालाही ते गेले नाहीत.

"बायको नाही तर देवही नको का?" काकूंनी दारातून टोमणा मारला.

"गुडघ्याला सांगा," ते म्हणाले.

संध्याकाळचा दिवा अनुराधा लावायची. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "मला तेलाच्या वासाने मळमळतंय, बाबा."

"राहू दे," ते लगेच म्हणाले. "नको लावूस."

निरोप मात्र चुकत नव्हते. रोज चहाच्या वेळी ते फोन टेबलावर ठेवायचे. पावसाने वाट खचली, खेचरं अडकली, असं एकदा पुष्पाबाई सांगत होत्या.

"वेळेवर येईल ना?" अनुराधाने पहिल्यांदाच विचारलं.

"येईल," जनार्दनराव म्हणाले. "तिने शब्द दिलाय."

एका संध्याकाळी खेचरवाल्याने आणखी निरोप पाठवले, असं ते म्हणाले. पुष्पाबाईंचा आवाज खोलीत आला.

"अहो, अक्रोड अजून हिरवेच आहेत. इट्टो म्हणते, थोडं थांबा, मग काठीने..."

जनार्दनरावांचा अंगठा घाईने पडद्यावर आला. आवाज तुटला.

"पुढे नुसता वारा आहे," ते म्हणाले.

अनुराधाने खारी चहात बुडवली. ती विरघळून तुकडा कपात पडला.

"आवाज छान येतो नाही आईचा," ती म्हणाली.

पुढच्या तपासणीला ब्लडप्रेशर उतरलेलं होतं. "बहुत बढ़िया, बाबूजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जनार्दनरावांनी घाम नसताना रुमालाने तोंड पुसलं.

घरी आल्यावर त्यांनी फोन अनुराधाच्या हातात दिला.

"आज तरी बोल तिच्याशी. उद्या तिथे बाजार असतो." ते स्वयंपाकघराकडे वळले. "नंतर वाटतं माणसाला, बोलायला हवं होतं. मी चहा टाकतो. मला ऐकू येणार नाही."

ते स्वयंपाकघरात गेले आणि नळ मोठा सोडला.

पडद्यावर पुष्पाबाईंचा फोटो होता. साडीवर केयूरचं जुनं जाकीट, खेचरावर अवघडून बसलेल्या. अनुराधाने बराच वेळ तो पाहिला. बटण तिने दाबलं नाही.

"आई, गरज नाही म्हणाले ते खोटं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "मला फार भीती वाटते. तू हवी होतीस."

आत नळ बंद झाला. कपबशा वाजल्या. तिने आवाज आणखी खाली आणला.

"बाबांना मी सांभाळते. त्यांना वाटतंय, तुझं सुतक ते एकटेच पाळताहेत."