साबणाचं पाणी

"झालं का गं?" त्याने दारातूनच विचारलं.

"आत्ता कुठे हवा भरली," ती म्हणाली. "जाकीट आहे ते, फुगा नाही. जरा कळ काढ."

तो हसला आणि बाकावर बसला. समुद्रातल्या बेटांवर माणसं आणि टपाल पोचवणारं छोटं विमान तो चालवायचा, आणि त्या विमानातली फुगणारी जाकिटं त्याची बायको तपासायची. हवा भरून ठेवायची. दुपारपर्यंत हवेचा दाब दाखवणारा काटा जागचा हलला नाही तर जाकीट पास. प्रत्येक वैमानिकाचं जाकीट वेगळं. ते नापास झालं की तो घरी; दुसऱ्याचं अंगात घालायचं नाही, अशी इथली रीत होती.

मागच्या हिवाळ्यात त्याचं इंजिन बंद पडलं. विमान पाण्यात उतरलं आणि बोट येईपर्यंत तो असल्याच एका जाकिटाच्या जिवावर तरंगत राहिला. सुट्टी संपली तसा गडी पुन्हा हजर, जणू काही झालंच नाही! झोप उडाली ती तिची. तो हवेत असला की दिवसभर तिचा जीव टांगणीला. संध्याकाळी स्वयंपाक करताना ती उभ्या उभ्या डुलक्या काढायची. आताशा तिला रडायचाही कंटाळा आला होता.

पण "सोड ती नोकरी" म्हणायची तिची छाती नव्हती. लहानपणापासून विमानाखेरीज त्याला दुसरं काही सुचलंच नव्हतं. त्याला कुठल्या तोंडाने अडवायचं?

"वारा जोराचा आहे म्हणतात," ती म्हणाली.

"असू दे की."

"पोरगी विचारत होती, बाबा आज तरी लवकर येणार का."

"बघू. जाकीट काय म्हणतंय त्यावर आहे." त्याने भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.

बघा, उडायची केवढी घाई याला! तिला त्याचा रागच आला.

तो चहा आणायला उठला, तेव्हा तिने ते केलं. तोंडाने फुंकायच्या नळीतली झडप अंगठ्याने दाबली. हवा फुस्स करत निघाली, काटा खाली घसरला. इतक्या वर्षांत तिने एकाही जाकिटाची खोटी तपासणी केली नव्हती.

"नापास," तो परतल्यावर ती म्हणाली. "गळतंय कुठेतरी."

तो चिडेल, वाद घालेल असं तिला वाटलं होतं. त्याने नुसता पेला खाली ठेवला. "बरं," म्हणाला आणि मटकन बसला. बिचारा! तिला भरून आलं.

तेवढ्यात काका आत आले. ते या विभागाचे प्रमुख, पण सगळे त्यांना काकाच म्हणत.

"गळतंय? कुठे, दाखव."

"नंतर बघते ना, काका."

"नंतर कशाला? आण ते साबणाचं पाणी. गळत नसेल तर जाऊ दे याला. माणसं खोळंबलीत."

झालं! आता तिची नोकरीही जाणार आणि नवराही उडणार. तिने पुन्हा हवा भरली आणि ब्रश बुडवला. छातीकडून फिरवला. काही नाही. कडांवरून फिरवला. काही नाही. काकांच्या कपाळाला आठी पडली. राहिली ती मानेमागची घडी. जीव मुठीत धरून तिने तिथेही ब्रश फिरवला.

बुडबुडे आले.

ती बघतच राहिली. बारीक, एका ओळीत, एकामागून एक बुडबुडे येत होते.

काकांनी चष्मा पुसून वाकून पाहिलं. "शिवण उसवलेली नाही. सुईची भोकं आहेत ही, मुद्दाम पाडलेली." ते तिच्याकडे वळले. "इथे तुझ्याशिवाय या जाकिटाला कोण हात लावतं गं?"

तिने ब्रश खाली ठेवला.

"तिला काही बोलू नका, काका," बाकावरून नवरा म्हणाला. "सकाळी इथे आणण्याआधी मीच पाडलीत."