चौदा व्होल्ट

"इंजिन चालू असूनही बाराच दाखवतंय, मामा. बॅटरीत काहीच जात नाहीये." मेकॅनिकने मीटरच्या पिना बॅटरीवरून उचलल्या.

मामा म्हणजे त्याचे सासरे. तसे आता सासरे नव्हेतच. गेल्या वर्षी कोर्टाने ते नातं सोडवून टाकलं होतं. पण मग त्यांना काय म्हणायचं, हे काही कोर्टाने सांगितलं नव्हतं. धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे आणखीही होते. तरी सकाळी मामांनी फोन त्यालाच केला आणि तो हातातलं काम अर्धवट टाकून आला.

त्याने बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टा दाबून पाहिला. घट्ट होता. बॅटरीची टोकं घासून चकचकीत केली. फरक शून्य. मग इंजिन बंद करून किल्ली नुसतीच फिरवली. चार्जिंगचा तांबडा दिवा लागायला हवा होता, तो लागला नाही. दिवा काढून तपासला, तर चांगला. तेव्हा पाणी कुठे मुरतंय ते त्याला कळलं. अल्टरनेटरला जागं करणारी बारीक वायर त्या दिव्यातूनच जाते. मागे हात घालून त्याने ती चिमटीत धरली, तर तुटून हातातच आली. खाऱ्या हवेने आतलं तांबं हिरवं पडून गेलं होतं.

मामांनी थर्मासमधला चहा ओतून पुढे केला. "वाळलात फार," म्हणाले.

एवढ्यानेही त्याला बरं वाटलं. "घरी सगळे ठीक?"

"ठीक आहेत." मामा पाण्याकडे बघत राहिले. त्यांना काहीतरी बोलायचंय आणि ते ओठांवर येत नाहीये, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने घाई केली नाही. चहा सावकाश संपवला.

मग वायरची टोकं सोलली, एकमेकांना पिळली, वरून टेप गुंडाळली आणि इंजिन सुरू केलं. मीटर चौदावर गेला.

"झालं?"

"झालं."

मामांनी घसा साफ केला. "तुम्हाला सांगायलाच हवं. परवा तिचं रजिस्टर लग्न आहे. मुलाकडची माणसं पलीकडून आणायची आहेत. बोट मध्येच बंद पडायला नको. दुसऱ्या कुणाच्या हाताचा मला भरवसा वाटेना."

मेकॅनिक मीटरकडे बघत राहिला. चौदाच होते. थोड्या वेळाने त्याने इंजिन बंद केलं, टेप ओरबाडून काढली आणि पेटीतून नवी वायर घेतली.

"आता काय राहिलं?" मामांनी विचारलं. "झालं म्हणालात ना?"

"पंधरा दिवस चाललं असतं," तो मान वर न करता म्हणाला. "म्हटलं, मग पुन्हा बोलवाल."