बाळारामचा अंदाज

रविवारी दुपारी चार वाजता कबड्डी लीगचा लिलाव संपला. तेजसवर एकाही संघाने बोली लावली नाही.

पेणच्या मंडळात दरवर्षीप्रमाणे अंदाजांची बरणी उघडली. आपला तेजस कोणत्या संघात जाणार, हे प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून आधीच टाकलं होतं. बरणी सांभाळणारे हिराजी म्हणजे तेजसचे मामा आणि गुरूही. बाळारामची चिठ्ठी उघडताच त्यांचा हात थांबला. ‘कुणीच घेणार नाही.’

तेजसचा गुडघा दुखावलाय, हे मामा-भाच्यांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मग बाळारामच्या कानावर कुणी घातलं? आणि त्याने पुढे संघवाल्यांच्या?

“कुणाजवळ बोललास?” त्यांनी फोनवर भाच्याला दरडावलं.

“देवाशप्पथ मामा, आईलासुद्धा नाही सांगितलं.”

हिराजींनी भर मंडळात बाळारामची कॉलर धरली. “बोल, कुणी फोडलं?”

“तूच, दुसरं कोण!” बाळाराम शांतपणे म्हणाला. “तेजस चढाईला गेला की तुझ्या शिव्या पार बाजारात ऐकू येतात. गेले पंधरा दिवस पोराला एकदाही ओरडला नाहीस. तेव्हाच वाटलं, पोराचं काहीतरी दुखतंय.”

हिराजींची पकड सुटली. त्याच पंधरवड्यात एका संघाचा निवडकर्ता सराव बघून गेला होता. गुडघ्याबद्दल त्याने अवाक्षर काढलं नव्हतं. जाताना हसून एवढंच विचारलं होतं, “गुरुजी, तुम्ही नेहमीच इतके शांत असता का?”